पिकअपचे पाणी का उकळते?

जर्मनीत ऑग्सबर्ग येथे 1897 साली रुडोल्फ डिझेल यांचे इंजिन कसोटीस उतरले. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे 26 टक्के त्याने कामी लावली. उरलेली बहुतेक धुरातून व थंड करणाऱ्या पाण्यातून गेली. मोटारीतील पाणी निववण्यासाठी विल्हेल्म मायबाख यांनी 1900 साली मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला.

दाबाखाली पाणी उशिरा उकळते, म्हणून आजच्या पिकअपच्या रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते. झाकण खराब झाले की दाब टिकत नाही व पाणी लवकर उकळते. उलट, थंड इंजिन सुरू करताच रबरी नळी टणक झाली, पाण्यात सतत बुडबुडे आले, तर सिलिंडर हेडच्या गॅस्केटमधून जळलेला वायू पाण्यात शिरत असावा. हा रोग झाकण बदलून जात नाही; मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

वर्गात आम्ही मुलांना डाळीच्या कुकरचे उदाहरण देतो. वाफ जिरण्याआधी कोणी झाकण काढते का? गरम रेडिएटरचेही तसेच आहे. भाजी तासभर उशिरा बाजारात पोचली तरी चालेल. भाजलेला चेहरा लवकर बरा होत नाही. तेव्हा वाचकहो, आधी इंजिन पूर्ण निवू द्यावे.