विश्लेषण : दंशाची खूण नाही, तरी सर्पदंश कसा ओळखतात?

पावसाळ्यातील पहाट. तलासरी तालुक्यातील एखाद्या पाड्यावरून मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले जाते. तक्रार एकच, पोटात दुखते. ताप नाही, जुलाब नाहीत, अंगावर जखम नाही. औषध देऊन घरी पाठवायचे की थांबवून ठेवायचे? या निर्णयावर त्याचा जीव अवलंबून असू शकतो.

संशय का घ्यायचा?

मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. त्याचे दात बारीक असतात. दंशाच्या जागी सहसा सूज किंवा वेदना नसते, त्यामुळे अनेकदा झोपलेला माणूस जागाही होत नाही. काही तासांनी पोटदुखी, घसादुखी, उलटी सुरू होते. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न असायला हवा : रात्री कुठे झोपला होता?

तपासणी कशी होते?

त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. पापण्या मिटू लागल्या आहेत का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, गिळता येते का, मान उचलता येते का, एका श्वासात किती आकडे मोजता येतात, हे पाहिले जाते. मण्यारीच्या विषाने येणारा लकवा डोळ्यांपासून सुरू होऊन श्वासाच्या स्नायूंपर्यंत उतरतो. त्यामुळे ही तपासणी पुन:पुन्हा करावी लागते.

रक्ताची चाचणी पुरेशी नाही का?

सुमारे २ मिलिलिटर ताजे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय बळावतो. मात्र नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर काम करते. त्यांच्या दंशात रक्त नेहमीसारखे गोठू शकते. चाचणी ‘चांगली’ आली म्हणून रुग्णाला घरी सोडणे, ही इथली सर्वात धोकादायक चूक.

मग प्रत्येकाला प्रतिविष का देत नाहीत?

प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार होते. त्याची जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते. शिवाय अनेक दंश बिनविषारी असतात. म्हणून लक्षणे नसतील तर २४ तास निरीक्षण, आणि लक्षणे दिसली तर विलंब नाही. भारतातील प्रतिविष या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप मारून आणण्याची गरज नाही. मुलालाही प्रौढाइतकाच डोस लागतो, कारण साप विष सोडताना वय पाहत नाही.

पुढे कधी पाठवायचे?

मण्यारीच्या विषाने लकवा बसल्यावर प्रतिविष तो लगेच उलटवू शकत नाही. श्वास यंत्राने सुरू ठेवावा लागतो. तलासरीहून डहाणू, वलसाड किंवा सिल्वासा गाठेपर्यंत वेळ जातो. म्हणून पहिला डोस सुरू करून, श्वास देण्याच्या तयारीनिशी रुग्णाला रवाना करणे महत्त्वाचे. निश्चल पडलेला रुग्ण मृत वाटला, तरी तो शुद्धीवर असू शकतो.

धोरण काय सांगते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत अग्रक्रम दिला. भारताच्या २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्याचे उद्दिष्ट २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे आहे. डहाणू तालुक्यात आयसीएमआरच्या मुंबईतील प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने सर्पदंशावर काम केले असून, त्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण आणि लोकजागृतीवर भर होता. कुटुंबाच्या हातातही बरेच आहे : पहाटे अचानक पोट दुखले, तर भगताकडे वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि मूल जमिनीवर झोपले होते, हे न विचारताही सांगा.