आधी शिक्षक खाडीत

खाडीच्या पाण्याचा खारटपणा कधीच ठरलेला नसतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात नाममात्र. खाडीत या दोन टोकांमधला कोणताही आकडा मिळू शकतो आणि तो भरती-ओहोटीनुसार, पावसानुसार, खोलीनुसारही बदलतो. गोडे पाणी हलके असल्याने वर राहते आणि जड, खारे पाणी त्याच्याखालून पाचरीसारखे आत शिरते. पाठ्यपुस्तकात हे सगळे एका आकृतीत उरकते. होडीतून वरचे आणि तळाचे पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून घेणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ते मोजावे लागते.

त्यासाठी फार महागडी साधने लागत नाहीत. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडे पाहिले, की क्षारांचे प्रमाण आतल्या पट्टीवर वाचता येते. पाणी किती नितळ आहे हे सेक्की तबकडी सांगते. अँजेलो सेक्की हे जेझुइट धर्मगुरू. ताऱ्यांच्या वर्णपटांचे वर्गीकरण ही त्यांची खरी ओळख. पण 1865 मध्ये त्यांनी पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात, याची नोंद केली. दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी आजही शाळकरी मुले याच पद्धतीने पाण्यात सोडतात.

खाडीतला चिखल कुठून येतो, हे तर दोन बरण्यांतही दाखवता येते. दोन्हींत मातीचे गढूळ पाणी घ्यायचे आणि एकीत मीठ घालायचे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असल्याने गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. मिठातले धन आयन हा विरोध मोडून काढतात, कण एकमेकांना चिकटतात आणि गाळ झपाट्याने खाली बसतो. नदी समुद्राला भेटते तिथे गाळ साचण्यामागे प्रवाह मंदावण्याइतकाच या रसायनाचाही हात असतो.

असे शिक्षण द्यायचे तर आधी शिक्षकाने पाण्यात उतरले पाहिजे, हा विचार बराच जुना आहे. 1873 च्या उन्हाळ्यात निसर्गवैज्ञानिक लुई अगासी यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ पेनिकीज बेटावर एक शाळा भरवली. बेट आणि 50,000 डॉलर देणगीत मिळाले होते, जॉन अँडरसन या तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून. आलेल्या पन्नासेक जणांत बहुतेक शिक्षक होते, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. पुस्तक बाजूला ठेवा, प्राणी हातात घ्या आणि पाहत राहा, ही अगासींची रीत. स्वतः अगासी डार्विनचा उत्क्रांतिवाद शेवटपर्यंत नाकारत राहिले आणि त्यांची वंशविषयक मते तर निंद्यच होती. तरी त्यांच्या हाताखाली पाहायला शिकलेल्यांपैकी अनेकांनी पुढे उत्क्रांती स्वीकारली. डिसेंबर 1873 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 1874 च्या दुसऱ्या सत्रानंतर शाळा बंद पडली.

या कथेत अगासींचे नाव हमखास येते, कॉर्नेलिया क्लॅप यांचे क्वचितच. माउंट होलिओक या महिलांच्या संस्थेत शिकवणाऱ्या क्लॅप पेनिकीजच्या दुसऱ्या सत्राला गेल्या आणि परतल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राच्या वर्गात पाठांतराऐवजी प्रत्यक्ष निरीक्षणाला जागा दिली. 1888 मध्ये वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेचे पहिले सत्र भरले तेव्हा त्या तिथे होत्या. टोडफिश या माशावरच्या संशोधनासाठी 1896 मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. पेनिकीजचा वारसा पुढे नेला तो अशा शिक्षकांनी.

अमेरिकेतील राष्ट्रीय खाडी संशोधन क्षेत्रांत आज हेच काम चालते. यांतले पहिले क्षेत्र, ओरेगनमधील साउथ स्लू, 1974 मध्ये स्थापन झाले. या सर्व क्षेत्रांच्या ‘टीचर्स ऑन द एस्चुअरी’ या कार्यक्रमात शिक्षक आधी स्वतः नमुने घेतात, जाळी ओढतात आणि मग वर्गासाठी धडे तयार करतात. या क्षेत्रांत पाण्यात ठेवलेली यंत्रे दर 15 मिनिटांनी तापमान, क्षारता, गढूळपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन नोंदवतात. ही माहिती कोणालाही फुकट मिळते.

त्यामुळे पडद्यावर आलेख दाखवला की खाडी शिकवून झाली, असे मानण्याचा मोह होतो. पण यंत्रे पाण्यात राहतात, त्यांच्यावर शेवाळ चढते, बार्नेकल चिकटतात आणि आकडे हळूहळू भरकटतात. म्हणून संशयास्पद नोंदींवर खुणा केलेल्या असतात. ऑक्सिजन पहाटे घटून दुपारी चढत असेल, तर कारण बहुधा पाण्यातच असते: रात्री श्वसन चालू राहते, प्रकाशसंश्लेषण थांबते. तो दिवसेंदिवस उतरतच गेला आणि यंत्र साफ करताच एकदम वर आला, तर दोष यंत्राचा. हातातल्या उपकरणाने त्याच जागेचा ऑक्सिजन मोजून पाहिला, की विद्यार्थ्यालाही या दोन शक्यतांतून निवड करता येते.