फिरंगी म्हणजे कोण?

सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले. तेथे जतन झालेले मोडी कागद वाचू लागणाऱ्या नवख्या अभ्यासकास पुष्कळदा अक्षरापेक्षा अर्थच अधिक चकवतो. ‘फिरंगी’ हा शब्द घ्या. आज तो कोणत्याही गोऱ्या परदेशीयास, आणि तोही काहीशा तुच्छतेने, लावला जातो. पेशवेकालीन कागदांत मात्र फिरंगी म्हणजे बहुधा पोर्तुगीज. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली ती या फिरंग्यांकडून. त्यांच्या जागी इंग्रज कल्पिला, की तह कोणाशी आणि वैर कोणाशी, हा सारा हिशेबच चुकतो.

मूळ शब्द फ्रँक जमातीचा. धर्मयुद्धांच्या काळात अरबांनी तो पश्चिम युरोपातील सर्वच ख्रिस्ती लोकांना लावला. फारसीच्या वाटेने तो दक्षिणेत आला आणि १५१० साली गोवा घेणाऱ्यांना चिकटला. पुढे इतर टोपीकर आले, तेव्हा त्यांची नावे मराठीने पोर्तुगीजांच्याच तोंडून उचलली. ‘इंग्लेश’चे इंग्रज झाले, ‘ओलांदेश’चे वलंदेज. १६३७ साली वेंगुर्ल्यास वखार थाटणाऱ्या डचांना हे नाव असे उसनेच मिळाले.

हा प्रकार मराठीपुरता नाही. फिनलंडची भाषा जर्मनीला ‘साक्सा’ म्हणते. सॅक्सन या एका जमातीचे नाव तेथे साऱ्या राष्ट्रास लाभले. शेजारच्या एस्टोनियात तर जर्मन जमीनदारांच्या दीर्घ अमलामुळे त्याच शब्दाला ‘मालक’, ‘धनी’ असा अर्थ आला. परक्याचे नाव हे असे त्याच्यापेक्षा आपल्या अनुभवाचीच नोंद अधिक असते.

आपल्याकडे याची सर्वांत बोलकी साक्ष ‘यवन’ हा शब्द देतो. तो मूळचा आयोनियाच्या ग्रीकांचा. कार्ल्याच्या लेण्यातील स्तंभांवर दान देणाऱ्या यवनांचे लेख कोरलेले आहेत, आणि त्यांत तिरस्काराची छटाही नाही. शतकांनंतर तोच शब्द मुसलमानांसाठी रूढ झाला आणि संघर्षाच्या काळात त्यात कडवटपणा मिसळला. तो कडवटपणा शब्दाच्या जन्माबरोबर आलेला नव्हता. वापरणाऱ्यांनी तो मागाहून भरला.

जुन्या कागदांतील शब्द आजच्या रागालोभांसाठी वापरणाऱ्यांनी म्हणूनच आधी त्या कागदाचे साल पाहावे. मोडी वाचणारे, फारसी-पोर्तुगीज जाणणारे अभ्यासक तयार करणे हा केवळ विद्वानांचा विरंगुळा नव्हे. ते न झाले, तर आपल्याच पूर्वजांनी काय लिहिले, हे आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागेल.