वेशीबाहेरचं शहर : भाग ७
मुक्कामाला आले, वस्तीला राहिले

मागच्या भागात आपण बारापुल्ला दरवाजाशी थांबलो होतो. आज खाम नदी ओलांडून छावणीत जाऊ.

छावणी इंग्रजांच्या काळातली, हे शहरात कुणीही सांगेल. पण वेशीबाहेर या अंगाला तळ ठोकणारे काही ते पहिले नव्हेत. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीला शहराचं रूप दिलं, १६५३ मध्ये औरंगजेबाने त्याला आपलं नाव दिलं, आणि मोगली सुभेदारीबरोबर राजपूत सरदारही फौजफाट्यासह दख्खनेत आले. शेकडो घोडी, उंट आणि बाजारबुणगे वेशीच्या आत मावणार कसे? ते बाहेरच उतरले. त्या तळांचेच पुढे पुरे झाले.

छावणीला लागून असलेल्या कर्णपुऱ्यातला कर्ण महाभारतातला नव्हे. तो बिकानेरचा राजा करणसिंह. १६६९ मध्ये तो याच शहरात वारला. पदमपुरा त्याच्या मुलाचा, पदमसिंहाचा. या पदमसिंहाची एक गोष्ट राजस्थानात अजून सांगतात. त्याचा भाऊ मोहनसिंह याचं पाळीव हरणावरून शहरातल्या एका मोगल अंमलदाराशी भांडण झालं आणि त्यात मोहनसिंह मारला गेला. पदमसिंहाने शहजाद्याच्या दरबारातच त्या अंमलदारावर तलवार चालवली. घाव असा की माणूस तर तुटलाच, मागच्या खांबातही पातं रुतलं! खांबाचं सोडून द्या, सांगणाऱ्याचा हात तिथे थोडा सैल सुटला असेल. पण हरणावरून दरबारात रक्त सांडावं, इतकी तापट माणसं या तळांवर राहत होती, एवढं मात्र पटतं.

इंग्रजांची छावणी याच परंपरेतली, फक्त शिस्तीची. १८०३ च्या असईच्या लढाईनंतर निजामाच्या मुलखात इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची फौज वाढत गेली. पुढे तिला हैदराबाद कंटिन्जंट म्हणू लागले. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, बोलारम आणि इथे तिची ठाणी होती. नाव निजामाचं, हुकूम इंग्रजांचा. खर्चाची थकबाकी वाढली तेव्हा १८५३ च्या तहाने अख्खा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. छावणीतल्या घोड्यांचा चंदी-वैरणीचा खर्च वऱ्हाडातल्या कपाशीने भरला, असं म्हटलं तरी चालेल.

जून १८५७ मध्ये याच फौजेचं पहिलं घोडदळ इथे बिथरलं. आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून नेणार, अशी कुणकुण स्वारांना लागली होती. आम्ही दख्खनेतले चाकर, बादशहाशी लढणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पुण्याकडून जनरल वुडबर्न तोफा घेऊन आला, संचलनाच्या मैदानावर स्वारांना उभं करून नावं पुकारली जाऊ लागली. तेव्हा मीर फिदा अली नावाच्या दफेदाराने कॅप्टन अॅबटवर पिस्तूल झाडलं. नेम चुकला, आणि दफेदार फासावर गेला. त्याच्यामागून किती तरी जण गोळीला, तोफेच्या तोंडी गेले. क्रांती चौकाला ते नाव त्या दिवसांवरून पडलं. तिथला काळा चबुतरा सिग्नलवर थांबलेल्या किती जणांच्या नजरेला पडतो, कोण जाणे.

गंमत अशी, की हेच घोडदळ पुढे ‘डेक्कन हॉर्स’ झालं आणि जुलै १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत हाय वूडजवळ भाले सरसावून धावलं. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नकार देणाऱ्यांचे वारस लंडनच्या बादशहासाठी समुद्रापार लढले.

पाहायला काय आहे, असं विचाराल तर छावणीत स्मारकं कमी. सरळ रस्ते, जुनी झाडं, दगडी चर्च आणि गुरुवारचा बाजार. खरी गर्दी पाहायची तर नवरात्रात कर्णपुऱ्याला यावं. तिथलं तुळजाभवानीचं मंदिर करणसिंहाने बांधलं, असं सांगतात. नऊ दिवस मैदान पाळणी, फुगे नि भज्यांच्या वासाने भरतं आणि पहाटेपासून बायका अनवाणी चालत येतात. बिकानेरचा राजा त्यांच्यातल्या कुणाला ठाऊक नसेल, पण ‘कर्णपुऱ्याला जाऊन येते’ म्हणताना रोज त्याचंच नाव घेतलं जातं.

पुढच्या आठवड्यात खामच्या काठानेच पाणचक्कीकडे वळू.