नंदीपेक्षा बुटका देश

म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवर पायी चढणारा माणूस सातशेव्या पायरीच्या आसपास हमखास थांबतो. एकतर दम लागलेला असतो, आणि समोर नंदी बसलेला असतो. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वोडेयर यांच्या काळात एकाच शिळेतून कोरलेला हा नंदी सुमारे 16 फूट उंच आहे. पॅसिफिक महासागरात एक सबंध देश असा आहे, की त्याचं सर्वांत उंच ठिकाण समुद्रापासून जेमतेम 15 फुटांवर येतं. म्हणजे बसलेल्या नंदीपेक्षाही फूटभर बुटकं.

हा देश तुवालू. म्हैसूरपासून सरळ रेषेत साडेअकरा हजार किलोमीटर दूर. 1978 साली स्वतंत्र झाला, 2000 साली संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. बेटं नऊ, पण पूर्वापार वस्ती आठांवरच. म्हणून नावाचा अर्थही ‘आठ जण एकत्र उभे’ असा. सगळी मिळून जमीन 26 चौरस किलोमीटर. म्हैसूरजवळचं कृष्णराजसागर तुडुंब भरलं की त्याचं पाणी सुमारे 130 चौरस किलोमीटरवर पसरतं. त्या एका तलावात तुवालू पाच वेळा बुडेल. उलट करून पाहू. धरणातलं सगळं 49 टीएमसी पाणी तुवालूच्या जमिनीवर ओतलं आणि ते वाहून गेलं नाही असं धरलं, तर देशावर सुमारे 53 मीटर पाणी उभं राहील.

माणसं किती? साधारण 10 हजार 600. 2011 च्या जनगणनेत म्हैसूर शहरात नऊ लाखांवर लोक होते आणि महापालिकेचे वॉर्ड 65. एका वॉर्डाच्या वाट्याला सरासरी 14 हजार माणसं येतात. म्हणजे म्हैसूरचा नगरसेवक तुवालूच्या पंतप्रधानांपेक्षा जास्त लोकांचा प्रतिनिधी! दसऱ्यात राजवाड्यावर लाखाच्या आसपास दिवे लागतात. ते तुवालूत वाटले, तर तान्ह्या मुलासकट प्रत्येकाच्या वाट्याला नऊ दिवे येतील.

माणसं थोडी म्हणून ऐसपैस राहतात, असं मात्र नाही. निम्म्याहून जास्त लोकसंख्या राजधानी फुनाफुतीत, अडीच चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या जमिनीवर दाटली आहे. मोकळी जागा आहे ती समुद्रात. तुवालूचा हक्क असलेलं सागरी क्षेत्र सुमारे साडेसात लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक जोडले तरी पाच लाखच भरतात. तुवालूकडे एक चौरस किलोमीटर जमिनीमागे जवळपास 29 हजार चौरस किलोमीटर पाणी येतं.

आणि तरीही हा देश तहानतो. फुनाफुतीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हैसूरच्या चौपटीहून जास्त. पण नदी एकही नाही, ओढाही नाही. प्रवाळाची जमीन चाळणीसारखी, पाणी धरूनच ठेवत नाही. छपरावरून टाकीत उतरेल तेवढंच आपलं. 2011 साली ‘ला निन्या’मुळे पाऊस रुसला आणि सरकारला आणीबाणी पुकारावी लागली. घरटी दिवसाला दोन बादल्या पाणी मिळू लागलं. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने मदत पाठवली, तेव्हा कुठे निभावलं.

ही जमीन आली कुठून? ज्वालामुखीची बेटं हळूहळू खचत जातात आणि त्यांच्या कडेने प्रवाळ वरवर वाढत राहतं, असा चार्ल्स डार्विनचा तर्क होता. तो पडताळायला लंडनच्या रॉयल सोसायटीने 1896 ते 1898 या काळात फुनाफुतीतच भोक पाडलं. 1,114 फूट, म्हणजे 340 मीटर खाली गेले, तरी प्रवाळाचा चुनाच निघत राहिला, ज्वालामुखीचा खडक लागलाच नाही. चामुंडी टेकडी म्हैसूर शहराच्या वर साधारण 300 मीटर उठते. तुवालूकडेही तिच्याहून मोठी टेकडी आहे. फक्त ती सगळी पाण्याखाली आहे, आणि इवल्याशा जीवांनी बांधलेली आहे.

पाण्यावर उरलेला तुकडा मोजायला घरच्या जिन्याचं माप पुरे. पायरी 15 सेंटिमीटरची धरली, तर तुवालूचं सर्वोच्च ठिकाण एकतिसाव्या पायरीच्या आत संपतं. पण सरासरी उंची आहे दोनच मीटर, म्हणजे तेरावी पायरी. नासाच्या मोजमापांनुसार 2023 पर्यंतच्या तीस वर्षांत तिथला समुद्र सुमारे 15 सेंटिमीटर वर आला. बरोबर एक पायरी.

तुवालूकर स्वस्थ बसलेले नाहीत. फुनाफुतीत समुद्रात भर घालून सुमारे सात हेक्टर नवी, उंच जमीन केली आहे. शिवाय ऑस्ट्रेलियाशी 2023 साली करार झाला: दरवर्षी 280 तुवालूकरांना तिथे कायमचं राहता येईल. 2025 साली पहिली सोडत निघाली, तेव्हा कुटुंबीयांसह 8,750 जणांची नावं आली. दहातल्या आठांनी नाव घातलं होतं. दरसाल 280 या हिशेबाने, जन्म-मृत्यू बाजूला ठेवले, तर आजचा देश हलायला 38 वर्षं लागतील. समुद्राने चाल वाढवली नाही तरी तोवर तो आणखी एक पायरी चढलेला असेल.