पाच कांदे दे पाहू!

पाहुणे आले की साडेतीन वर्षांचं पोर दहापर्यंत आकडे घडाघडा म्हणून दाखवतं. कौतुक होतं. मग आजी म्हणते, ‘पाच कांदे दे पाहू!’ आणि पोर ओंजळभर कांदे आणून देतं. हे मूल ‘मठ्ठ’ नव्हे. आकडे पाठ होणं वेगळं आणि पाच म्हणजे किती हे उमगणं वेगळं.

हे उमगणं घरातल्या बोलण्याशी जोडलेलं आहे. शिकागो विद्यापीठाच्या सुसान लेव्हिन व सहकाऱ्यांनी ४४ मुलांच्या घरी, मूल १४ ते ३० महिन्यांचं असताना, पालकांचं बोलणं टिपलं. एकूण साडेसात तासांत संख्यांचे शब्द कुठे अवघे ४, तर कुठे २५७! जिथे ते जास्त होते, तिथल्या मुलांना जवळपास चौथ्या वर्षी संख्येचा अर्थ अधिक चांगला कळत होता. समोर दिसणाऱ्या, विशेषतः चार ते दहा वस्तू मोजणं सर्वांत उपयोगी दिसलं.

त्यासाठी महागडं ॲप कशाला? शिरूरच्या घरात अंगणभर कांदा पसरलेला असतो. दौंडला फाटकावर मालगाडी आडवी येते. पण तिचे डबे भरभर जातात, लहानग्याला झेपत नाहीत. त्यापेक्षा दुरडीतल्या भाकरी बऱ्या: एक, दोन, तीन, चार... ‘म्हणजे किती झाल्या?’ हा शेवटचा प्रश्नच बहुतेक घरांत राहून जातो.

मूल चुकलं, तर ओरडू नये; भाकरीवर बोट ठेवून पुन्हा मोजावं. शाळेत जाऊ लागल्यावरही छोट्या संख्या कळत नसतील, तर डोळे-कान तपासून घ्यावेत.