जुन्या गालिच्याची पारख

येवल्यास पैठणी घ्यावयास गेलेली जाणती गृहिणी पदराची उजवी बाजू पाहून थांबत नाहीं. ती पदर उलटा करून पाहते. हातानें विणलेल्या पदराची पाठ आणि पोट जवळजवळ सारखेंच असतें. पाठीवर लोंबते धागे दिसले कीं वस्त्र यंत्राचें असावें, असा संशय तिला येतो. हीच संवय जुना गालिचा घेणाऱ्या गृहस्थानें लावून घेतली, तर त्याची निम्मी फसवणूक तेथेंच टळेल. नाशिक जिल्ह्यांतील माणसास ही विद्या घरचीच आहे; ती साडीवरून जमिनीवर आणावयाची, एवढेंच.

पारख अंगीं नसली म्हणजे नुकसान दोन्हीकडून होतें. जुने वाडे मोडतांना माळ्यावरून धुळीनें भरलेली एखादी गुंडाळी निघते आणि घरची मंडळी ती भंगाराबरोबर देऊन टाकतात. पुढें नवें बिऱ्हाड सजवावयाचें ठरलें कीं तेच लोक "पुरातन" म्हणून यंत्राचा गालिचा भारी किमतीस घरीं आणतात. तेव्हां बाजारांत जाण्यापूर्वीं आपला माळा एकदां पाहून घ्यावा, हें बरें.

सतरंजी व जमखाना यांत गाठ नसते. आडव्या सुतानें उभें सूत पार झांकून टाकलेलें असतें, म्हणून त्या दोन्ही बाजूंनीं पसरतां येतात. धारवाडजवळच्या नवलगुंदचे जमखाने व वरंगळच्या सतरंज्या यांची ख्याति आजहि आहे. गालिच्याची गोष्ट निराळी. त्यांत उभ्या धाग्यांभोंवतीं लोकरीची एकेक गाठ मारून तिचीं टोकें कापतात, व त्या टोकांची मऊ लव वर उभी राहते.

महाराष्ट्रांतील जुन्या गालिच्यांचा इतिहास थोडा चमत्कारिक आहे. एकोणिसाव्या शतकांत ही कला पुष्कळ अंशीं तुरुंगांच्या भिंतींआड चालली होती. विजापूरच्या असर महालांत सतराव्या शतकांतील गालिचे होते. त्यांच्या नकला पुण्याच्या येरवडा तुरुंगांत बंद्यांकडून विणवून घेतल्या गेल्या. आग्र्याच्या तुरुंगांत विणलेला एक प्रचंड गालिचा तर व्हिक्टोरिया राणीच्या विंडसरच्या राजवाड्यांत जाऊन पडला. असल्या मालावर विणणाऱ्याचें नांव कोठेंच नसतें. ज्यास मजुरी मागण्याची सोय नव्हती त्यानें मारलेल्या त्या गाठी आहेत, हें घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

आतां परीक्षेकडे वळूं. प्रथम गालिचा उलटा करावा. हातानें गाठी मारलेल्या गालिच्यावरची नक्षी पाठीवरहि स्पष्ट उमटलेली दिसते आणि रांगा किंचित् वांकड्यातिकड्या असतात. रेघ आंखल्यासारखी एकसारखी पाठ दिसली तर ती यंत्राची समजावी. पाठीवर जाडें कापड डकविलेलें असेल, तर आंत लोकर केवळ टोंचून रबरी चिकानें चिकटविलेली आहे. असा माल "हातचा" म्हणून खपवितात, आणि तें अक्षरशः खोटेंहि नसतें. पण कांहीं वर्षांनीं तो चीक सुकून त्याची पूड गळूं लागते. दुसरी खूण दशांची. खऱ्या गालिच्याच्या दशा म्हणजे त्याच्याच उभ्या धाग्यांचीं टोकें; वरून शिवलेल्या दशा दिसल्या तर पुढें अधिक चौकशी करावी.

मग एक इंच मोजपट्टी पाठीवर आडवी व उभी ठेवून गाठी मोजाव्या. दोन्हीकडे दहा भरल्या तर चौरस इंचांत १०० गाठी झाल्या. सहा फूट रुंद व नऊ फूट लांब गालिच्यांत अशा ७,७७,६०० गाठी होतात. कुशल विणकर दिवसास आठ हजार गाठी मारतो असें धरलें, तरी एकट्यास सव्वातीन महिने बसावें लागेल! किंमत ऐकून दचकणाऱ्यानें हा हिशेब एकदां करून पाहावा. मात्र गाठी थोड्या म्हणून माल हलका, असें नव्हे. धनगराच्या घोंगडीस गाठच नसते, म्हणून तिला कोणी कमी लेखीत नाहीं.

रंगांविषयीं विक्रेते पुष्कळ बोलतात. पूर्वीं लाल रंग मंजिष्ठ व आल यांच्या मुळ्यांचा, निळा निळीचा असे. १८५६ मध्यें पर्किननें पहिला कृत्रिम रंग काढला. १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारांत आली. तेव्हां रंग वनस्पतींचा नसला म्हणजे गालिचा जुना नव्हे, असें ठरत नाहीं. लव बोटांनीं फांकून तिच्या बुडाचा रंग टोंकाशीं ताडून पाहावा. उन्हानें विटलेला रंग हळूहळू फिका होत जातो; रसायनांत धुऊन मुद्दाम जुना केलेला गालिचा सगळीकडे सारखाच पिवळसर दिसतो. पांढरा ओला फडका घांसून त्यावर रंग उतरतो कीं काय, हेंहि पाहावें.

सर्वांत मोठा दोष मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. ओलीनें आंतील सूत कुजलेलें असतें. कोपरा हळूच दुमडावा. कडकड असा आवाज आला तर तो गालिचा कितीहि सुंदर असला तरी घेऊं नये. झिजलेली लव चालेल, रफूहि चालेल, कारण चांगला रफूगार तें काम करूं शकतो. कुजलेल्या सुतास औषध नाहीं.

नाशिकच्या पावसाळ्यांत तळमजल्याच्या फरशीस ओल येते. आषाढापूर्वींच गालिचा झटकून, सौम्य उन्हांत उलटा पसरून, घडी न घालतां गुंडाळून उंचावर ठेवावा. लोकरीस कसर लागते. ती अंधारांत, न हालविलेल्या जागीं वाढते. म्हणून महिन्यांतून एकदां गुंडाळी उलगडून पाहावी.

परदेशांतील लेकीसुनांना असा वारसा धाडूं पाहणाऱ्यांनीं १९७२ चा पुरावस्तुविषयक कायदा लक्षांत घ्यावा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तु खासगी माणसास देशाबाहेर नेतां येत नाहीं. गालिच्याचें वय शंभरच्या आसपास वाटत असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतल्याशिवाय तो बांधून पाठवूं नये.